प्रीकास्ट खांब पाइल कॅपला जोडताना: स्लीव्ह, डक्ट की सॉकेट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातला उड्डाणपूल, भूकंपक्षेत्र ३. गोल खांब दीड मीटर व्यासाचे, पाइल कॅपच्या (जमिनीतल्या पाइलच्या डोक्यांवर ओतलेल्या जाड काँक्रीट ठोकळ्याच्या) वर सहा मीटर उंच. पाइल कॅप दोन मीटर जाड. ठेकेदाराला खांब यार्डात ओतून आणायचे आहेत आणि खांबाच्या बुडाशी ग्राउटने (सिमेंटच्या वाहत्या मिश्रणाने) भरायच्या स्प्लाइस स्लीव्ह, म्हणजे सळ्या जोडायच्या नळ्या, त्याने सुचवल्या आहेत. डिझाइनरचं म्हणणं, खांब नेहमीसारखे जागेवरच ओता. साइटवरचा अभियंता विचारतो, या दोघांत कोणाचं ऐकू?

माझं मत सांगतो, मग कारणं. खांब प्रीकास्टच करा. रस्त्यावर पिंजरा बांधणं, शटरिंग उभं करणं, रात्रीचं काँक्रीट आणि मग शटर सुटायची वाट पाहणं यातले दिवस वाचतात, आणि यार्डात ओतलेल्या खांबाचं काँक्रीट बहुधा उजवं असतं. पण बुडाशी स्लीव्ह घालू नका. खालचा जोड सॉकेटचा करा, म्हणजे खांब पाइल कॅपमध्ये सरळ रोवा. वर पिअर कॅपकडे, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या आडव्या तुळईकडे, डक्ट (सळई सैल बसेल अशी पन्हळी नळी) वापरा. डिझाइनरची भीती खोटी नाही, पण तिचं उत्तर खांब जागेवर ओतणं हे एकच नाही.

भीती कसली ते आधी पाहू. एकट्या उभ्या खांबाला आडवा धक्का बसला की सर्वांत मोठा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, बुडाशी येतो. मोठ्या भूकंपात कुठेतरी सळ्या ताणल्या जाणारच, तर त्या कुठे ताणल्या जाव्यात हे आपणच ठरवतो: पाइल कॅपच्या लगेच वर, साधारण खांबाच्या व्यासाएवढ्या उंचीच्या पट्ट्यात. यालाच प्लॅस्टिक हिंज म्हणतो. पाइल आणि पाइल कॅप जमिनीखाली असतात, भूकंपानंतर त्यांची तपासणी अवघड आणि दुरुस्ती त्याहून अवघड. म्हणून ते खांबापेक्षा जास्त ताकदीचे ठेवायचे आणि नुकसान डोळ्यांना दिसेल अशा जागी आणायचं. आयआरसी:एसपी:११४ या रस्तेपुलांच्या भूकंप मार्गदर्शिकेतल्या कपॅसिटी डिझाइनचा सगळा रोख हाच आहे.

हिंजच्या पट्ट्यात सळई यील्डच्या, म्हणजे ती कायमची ताणली जाऊ लागते त्या मर्यादेच्या, कितीतरी पुढे ताणली जाते, मग दाबली जाते, पुन्हा ताणली जाते. त्यामुळे जोडाकडून दोन गोष्टी हव्यात. एक, सळईची पूर्ण ताकद पायात उतरली पाहिजे. दोन, सळईला तिथे मोकळेपणी ताणता आलं पाहिजे. पहिली गोष्ट सगळे तपासतात. दुसरी बऱ्याचदा निसटते.

पहिली निसटली तर काय होतं हे १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात कॅलिफोर्नियाने पाहिलं. तिथे काही पुलांच्या खांबांच्या उभ्या सळ्या पायातून उपटून निघाल्या, कारण त्यांना खाली पुरेशी पकड नव्हती. ते खांब प्रीकास्ट नव्हते, जागेवरच ओतलेले होते. जागेवर ओतलं म्हणजे जोड आपोआप चांगला झाला, असं नसतं. आणि आपल्याकडे एवढा भूकंप कुठे येतो, असं कोणी म्हणालं तर ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण द्या. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये होती.

आता स्लीव्ह. ही मूळ कल्पना आल्फ्रेड यी या होनोलुलूच्या अभियंत्याची, १९६० च्या दशकाच्या अखेरची. ओतीव लोखंडाची जाड नळी, आतून खाचा पाडलेली. खांबाची उभी सळई एका तोंडातून आत येते, पायातून वर आलेली डॉवेल दुसऱ्या तोंडातून, आणि मधली जागा उच्च ताकदीच्या न आकसणाऱ्या ग्राउटने भरतात. नळी ग्राउटला जखडून ठेवते, म्हणून दोन सळ्या शेजारी ठेवून केलेल्या नेहमीच्या लॅपच्या अर्ध्याहूनही कमी लांबीत सळईचं पूर्ण बळ पलीकडे जातं. कल्पना उत्तम आहे, आणि इमारतींत ती दशकानुदशकं चालली आहे. पुलांतही आहे. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सच्या एडिसन पुलाचे प्रीकास्ट खांब १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असेच जोडले गेले. पण फ्लोरिडात भूकंपाची चिंता नाही. त्या पुलाचा फोटो दाखवून आपल्या क्षेत्र ३ मधल्या खांबाला मंजुरी मागितली तर ती देऊ नये.

तुमच्या खांबाला ३२ मिमीच्या २४ सळ्या धरू. एक टक्क्याच्या थोडं वर पोलाद होतं. प्रत्येक सळईला अर्ध्या मीटरच्या आतबाहेर लांबीची स्लीव्ह. ही स्लीव्ह खांबाच्या बुडाशी बसवली म्हणजे हिंजच्या पट्ट्याचा खालचा जवळजवळ तिसरा भाग जाड लोखंडी नळ्यांनी भरला. तिथे सळई ताणलीच जात नाही. मग ताण दोन जागी गोळा होतो: स्लीव्हच्या खाली, खांब आणि कॅप यांच्या सांध्यात, आणि स्लीव्ह जिथे संपते त्याच्या वर. थोड्याशा लांबीत सगळी विकृती कोंबली गेली की सळई लवकर तुटते. अमेरिकेतल्या युटा राज्याने वेगवान पूलबांधणीत स्लीव्ह बऱ्याच वापरल्या, म्हणून युटा विद्यापीठात यावर मोठ्या नमुन्यांच्या चाचण्या झाल्या. त्यांतून हेच दिसलं. जोडाची ताकद भरली, पण बुडाशी स्लीव्ह असलेला खांब जागेवर ओतलेल्या खांबाइतका झुकू शकला नाही. स्लीव्ह खांबातून काढून खाली फुटिंगमध्ये, म्हणजे पायात, घातल्यावर वागणूक सुधारली. ॲश्टो या अमेरिकी महामार्ग संघटनेच्या भूकंप मार्गदर्शिकेने जास्त धोक्याच्या गटांत हिंजच्या पट्ट्यात सळ्यांचा जोड नको म्हटलं, ते याच काळजीपोटी.

म्हणजे स्लीव्ह वापरायचीच असेल तर ती पाइल कॅपमध्ये, तोंड वर करून ठेवा आणि खांबातून सळ्या खाली बाहेर काढा. हा पर्याय वाईट नाही. पण साइटवर त्याचे वेगळे हाल असतात. वर तोंड केलेल्या २४ नळ्या पावसाळ्यात उघड्या राहिल्या की त्यांत पाणी, माती, बाइंडिंग वायरचे तुकडे, सगळं जातं. झाकणं लावतात, ती कोणीतरी काढतं. आणि बाहेर आलेल्या सळ्यांसकट खांब ट्रेलरवर आडवा आणायचा, मग उभा करताना बुडाचा टेका त्या सळ्यांवर येऊ द्यायचा नाही, हेही सांभाळावं लागतं.

दुसरा प्रश्न जुळणीचा. २४ सळ्या २४ नळ्यांत एकाच वेळी गेल्या पाहिजेत. नळीत सळईभोवती मोकळी जागा बोटभरसुद्धा नसते. पाइल कॅपचं काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर डॉवेलला लागतो, कोणी तरी पिंजऱ्यावर उभं राहतं, आणि एक सळई पंधरा मिमी सरकते. खांब क्रेनला लटकलेला असताना हे लक्षात आलं की पाइप घालून सळई वाकवायचा मोह होतो. ती वाकवू देऊ नका. वाकवलेली जागा नेमकी हिंजमध्येच येते. जाड पोलादी प्लेटचं टेम्पलेट, तेच यार्डात आणि तेच साइटवर, काँक्रीट सेट होईपर्यंत जागेवर ठेवलेलं, आणि खांब निघण्याआधी टोटल स्टेशनवर (मोजणीच्या यंत्रावर) प्रत्येक सळईची नोंद, एवढं केलं तरच स्लीव्हचा विचार करावा.

तिसरा प्रश्न ग्राउटचा, आणि मला सर्वांत जास्त खुपतो तो हाच. स्लीव्हच्या खालच्या भोकातून ग्राउट पंप करायचा, वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सलग धार आली की बूच मारायचं. कागदावर ही तीन वाक्यं आहेत. साइटवर एप्रिल-मेची दुपार असते, ग्राउटच्या पिशव्या उन्हात तापलेल्या, आणि मिश्रण घट्ट होऊ लागलं की मदतनीस बादलीत अंदाजाने पाणी ओततो. तेवढ्याने ताकद खाली येते आणि आकसणं वाढतं. किंवा खांबाच्या बुडाखालच्या वीस मिमी बेडची कड नीट बंद नसते. ग्राउट वरच्या भोकातून येताना दिसला, बूच मारलं, सगळे पुढच्या स्लीव्हकडे गेले, आणि मागे खालच्या फटीतून तो हळूहळू गळत राहिला. पंधरा मिनिटांनी बूच काढून पातळी पाहिली तरच कळतं. एकदा घट्ट झाल्यावर आत काय आहे हे खात्रीने सांगणारी सोपी चाचणी नाही. क्यूब टेस्ट पिशवीतला ग्राउट सांगते, स्लीव्हमधला नाही. ज्या जोडावर अख्खा खांब उभा आहे तो डोळ्याआड भरलेल्या २४ नळ्यांच्या भरवशावर ठेवणं, दुसरा चांगला मार्ग असताना, मला पटत नाही.

डक्टबद्दल थोडक्यात. यात स्लीव्हऐवजी पन्हळी धातूची, सळईच्या दोन-तीन पट व्यासाची नळी असते. सळई सैल बसते म्हणून जुळणी सोपी, ग्राउट जाड जागेतून चांगला वाहतो, आणि भोवती भरपूर काँक्रीट असल्याने पकड चांगली मिळते. सळ्या मोठ्या व्यासाच्या पण संख्येने कमी घेतल्या तर काम आणखी सोपं होतं. पिअर कॅपला हे फार छान जमतं: कॅप वरून उतरते, खांबाच्या सळ्या डक्टमध्ये जातात, ग्राउट वरून गुरुत्वाकर्षणाने भरता येतो आणि भरलेला डोळ्यांनी दिसतो. पाइल कॅपमध्ये डक्ट घातले तर मात्र पाणी आणि कचऱ्याचा त्रास स्लीव्हसारखाच.

आता सॉकेट. मांडवाची मेढ खड्ड्यात रोवून भोवती मुरूम ठोकतात, तत्त्व तेच. खांबाचं बूड पाइल कॅपच्या आत जातं, भोवती काँक्रीट किंवा ग्राउट. खांबाच्या सळ्या खांबातच संपतात, एकही सळई सांधा ओलांडून पाइल कॅपमध्ये जात नाही. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येक डिझाइनरचा चेहरा बदलतो. मग मोमेंट जातो कसा? खांब कलायला लागला की खड्ड्याच्या वरच्या कडेला एका बाजूने दाबतो आणि तळाशी विरुद्ध बाजूने. या दोन आडव्या बळांची जोडी मोमेंट पेलते. उभा भार खांबाच्या बाजूवरच्या घर्षणातून आणि बुडाच्या टेकणीतून उतरतो.

वॉशिंग्टन राज्यात याचा नीट अभ्यास झाला. सिएटल हा भूकंपाचा प्रदेश, आणि तिथल्या परिवहन विभागाला महामार्ग कमीत कमी दिवस अडवायचा होता. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन स्टँटन आणि मार्क एबरहार्ड यांच्या गटाने मूळ आकाराच्या सुमारे ४२ टक्के मापाचे दोन नमुने तपासले: खांब २० इंची, फुटिंग २२ इंच जाड, म्हणजे व्यासाच्या १.१ पट. मागे-पुढे ढकलत नेल्यावर नुकसान खांबाच्या हिंजमध्ये झालं, फुटिंग शाबूत राहिलं. मग त्यांनी मुद्दाम एक नमुना फक्त १० इंच जाडीच्या फुटिंगचा केला. तो फुटिंगमध्येच फुटला. मला हा तिसरा नमुना पहिल्या दोनांइतकाच मोलाचा वाटतो, कारण मर्यादा कुठे आहे ते तो दाखवतो. पुढे ग्रँड माउंडजवळ आंतरराज्य महामार्ग ५ वरून जाणाऱ्या यूएस १२ च्या पुलाचा मधला बेंट (खांब आणि वरची तुळई यांची चौकट) २०११ च्या सुमारास प्रत्यक्षात असाच बांधला: खाली सॉकेट, वर डक्ट.

त्या पद्धतीची खुबी अशी की आधी खड्डा ठेवून मग खांब बसवायचा नाही. खांब आधी आणायचा, खोदलेल्या जागेत लेव्हल केलेल्या छोट्या पॅडवर उभा करायचा, टेके लावून ओळंब्यात धरायचा, मग भोवती फुटिंगच्या सळ्या बांधायच्या आणि काँक्रीट ओतायचं. ग्राउट नाही, नळ्या नाहीत, जुळणीची कटकट नाही. खांब दहा मिमी इकडे-तिकडे झाला तरी काही अडत नाही. नेहमीचा फिटर, नेहमीचा गवंडी, नेहमीचं काँक्रीट. हा गुण मी फार वरचा मानतो.

तुमच्या खांबाचे आकडे करून पाहू. हिंज पूर्ण ताकदीने काम करत असताना, ओव्हरस्ट्रेंग्थ (सळईत हिशोबापेक्षा जास्त असलेली ताकद) धरून, बुडाशी मोमेंट ७,२०० किलोन्यूटन-मीटर समजा. उंची सहा मीटर, म्हणून शिअर, म्हणजे आडवं बळ, १,२०० किलोन्यूटन. नेमके आकडे तुमच्या डिझाइनमधून घ्या, इथे अंदाज यावा म्हणून घेतले आहेत.

पहिला प्रकार, गुळगुळीत खड्डा आणि गुळगुळीत खांब. युरोकोड २ हे युरोपचं काँक्रीट मानक इथे रोवण्याची खोली खांबाच्या मापाच्या किमान १.२ पट मागतो आणि घर्षणांक ०.३ च्या वर धरू देत नाही. म्हणजे खोली १.८ मीटर. जर्मन अभियंता लिओनहार्टच्या जुन्या सूत्राने वरच्या कडेचं आडवं बळ मोमेंटच्या दीडपटीला खोलीने भागून त्यात शिअरचा सव्वापट मिळवला की येतं: ६,००० अधिक १,५००, म्हणजे ७,५०० किलोन्यूटन. तळाशी ६,३००. हे वरचं बळ खांबाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या सळ्यांच्या पट्ट्यांनी मागे खेचून धरायचं. प्रत्येक बाजूला ३,७५० किलोन्यूटन, एफई ५०० दर्जाची सळई ४३५ मेगापास्कल ताणावर धरली तर सुमारे ८,६२० चौरस मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूला २५ मिमीच्या १८ सळ्या, त्याही खड्ड्याच्या वरच्या भागात. शिवाय तळाशी दोन मीटरच्या कॅपमध्ये फक्त २०० मिमी काँक्रीट उरतं. हे चालणार नाही. कॅप अडीच मीटरच्या आसपास जाड करावी लागेल किंवा वर अर्ध्या मीटरची कॉलर काढावी लागेल.

दुसरा प्रकार, खांबाचं बूड खरबरीत केलेलं आणि भोवती कॅपचं काँक्रीट ओतलेलं. वॉशिंग्टनच्या चाचण्यांसारखी १.१ पट खोली धरू, म्हणजे १.६५ मीटर. दोन पृष्ठभाग एकमेकांत रुतलेले असल्याने त्याच सूत्रातले दीडचा आणि सव्वाचा असे दोन्ही गुणक १.२ होतात: ५,२३६ अधिक १,४४०, सुमारे ६,६८० किलोन्यूटन. प्रत्येक बाजूला २५ मिमीच्या १६ सळ्या, आणि तळाशी ३५० मिमी जागा, ज्यात पाइल कॅपची खालची जाळी खांबाच्या खालून सलग जाते. तुमची दोन मीटरची कॅप बसते. उभा भार ५,००० किलोन्यूटन असेल तर रुतलेल्या बाजूचं क्षेत्रफळ ७.८ चौरस मीटर, म्हणजे ताण ०.६४ मेगापास्कल. खरबरीत सांध्याला हे जड नाही. म्हणून तुमच्यासाठी हाच प्रकार.

पण सगळं त्या खरबरीतपणावर टिकून आहे, म्हणून तिथे थांबून बोलतो. खरबरीत म्हणजे वायर ब्रशने ओरखडे नव्हेत. किमान सहा मिमी खोल, सगळीकडे सारखा. रिटार्डर (वरच्या थराचं घट्ट होणं लांबवणारं रसायन) लावून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या जोराने खडी उघडी करतात, किंवा साच्यातच करवतीच्या दात्यांसारख्या आडव्या खाचा ठेवतात. मला खाचा आवडतात, कारण त्या मोजता येतात आणि प्रत्येक खांबाला सारख्याच येतात. चिपिंग हॅमरने टोचे मारायला नको म्हणा. खांबाचं कव्हर सैल होतं. आणि साच्याचं तेल! खांबाच्या रोवायच्या भागाला तेलाचा थर राहिला तर सगळं गणित फसलं. ओतण्याआधी तो भाग पाण्याने धुऊन घ्या; काँक्रीट पडेल तेव्हा पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको.

खांबातल्या सळ्यांचं टोक काटकोनात बाहेर वळवता येत नाही, कारण खांब साच्यात असतो. त्यामुळे सळ्या सरळ ठेवून टोकाला हेडेड अँकर, म्हणजे पकड देणारं जाड डोकं, लावा. जागेवर ओतताना पाय बाहेर काढून वळवायची आपली सवय आहे. त्यापेक्षा हे सरळ अँकर सांध्यातला दाब उलट जास्त चांगल्या दिशेने घेतात. रिंगा सॉकेटच्या पूर्ण खोलीपर्यंत तशाच घट्ट चालू ठेवा. खांब कॅपच्या वर जिथे सुरू होतो तिथेच रिंगांचं अंतर वाढवलेलं ड्रॉइंग आलं तर परत पाठवा.

कॅपच्या वरच्या जाळीच्या सळ्या खांबाच्या जागी अडतात. त्या तोडून सोडू नका. जितक्या अडल्या तितक्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत गोळा करा. वरच्या गणितातून आलेल्या १६ सळ्या त्याशिवाय आहेत, त्यांत धरायच्या नाहीत. या पट्ट्या पाइलच्या डोक्यातून वर आलेल्या सळ्यांशी भांडतात, म्हणून एका कोपऱ्याचं तरी पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढा, सळईचा खरा बाहेरचा व्यास धरून. जिथे ड्रॉइंगवर व्हायब्रेटरची सुई जायला जागा दिसत नाही तिथे ती साइटवरही जाणार नाही, आणि हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळ, भोकाभोकांची जागा) नेमका खांबाच्या कडेला होईल.

उभारणीच्या वेळी वजन लक्षात घ्या. सहा मीटर अधिक १.६५, म्हणजे ७.६५ मीटरचा खांब: साडेतेरा घनमीटर, सुमारे ३४ टन. क्रेनची नावातली क्षमता पाहू नका, तुमच्या बॅरिकेडच्या आत मिळणाऱ्या रेडियसवरची पाहा. शहरात क्रेनला पाय पूर्ण पसरायला जागा नसते, आणि आउट्रिगरखाली जुना पाण्याचा पाइप किंवा केबल ट्रेंच असू शकते. खांब आडव्याचा उभा करताना बुडाखाली लाकूड किंवा रबर हवं. बुडाची कड तुटली तर ती सॉकेटमध्ये झाकली जाईल असं समजून पुढे जाऊ नका. उभा केल्यावर किमान तीन दिशांना स्क्रू प्रॉप, प्रॉपचे पाय काँक्रीटच्या ब्लॉकला बोल्ट केलेले. काँक्रीट ओतताना ओळंबा दोन दिशांनी बघत राहायचं आणि काँक्रीट चारी बाजूंनी सारखं चढवायचं. एकाच बाजूने दोन मीटर चढवलं तर ते खांबाला ढकलतं. कॅपच्या काँक्रीटला ठरवलेली ताकद आल्याशिवाय प्रॉप काढू नका आणि पिअर कॅप चढवू नका.

या पद्धतीचा तोटाही आहे. खांब आल्याशिवाय पाइल कॅप ओतता येत नाही, आणि खोदलेला खड्डा तेवढा वेळ उघडा राहतो. जिथे चौकात खड्डा लवकर बुजवून रस्ता सुरू करायचा आहे अशा दोन-चार जागी कॅप आधी ओतून त्यात खिसा ठेवावा लागेल. तिथे खिशाचं शटर म्हणून जाड पन्हळी पोलादी पाइप वापरा आणि तो आतच राहू द्या. त्याच्या पन्हळी खरबरीतपणाचं काम करतात आणि पाइप स्वतः रिंगेसारखा आवळून धरतो. खांब आणि पाइप यांच्यात चारी बाजूंनी ७५ ते १०० मिमी फट ठेवा. त्याहून कमी फटीत सुई जात नाही, आणि बारीक खडीचं न आकसणारं काँक्रीट खाली पोहोचत नाही. तळाखाली ३५० मिमीच राहणार असल्याने खिसा रिकामा असताना त्या पातळ तळावर खांबाचं ३४ टन वजन येतं. खांब तळ भेदून खाली जाणार नाही ना, हे पंचिंगमध्ये तपासून घ्या.

खिशात खांब पाचरींनी धरतात. फटीत पाचरींच्या खालपर्यंत भरा, ते घट्ट झालं की पाचरी काढा, मग उरलेलं वरपर्यंत भरा. लाकडी पाचर आत राहून गेली तर तिथे, वरच्या कडेला, जिथे सर्वांत जास्त दाब येतो, पोकळ जागा राहते. खिशात पाणी साचतं हे गृहीतच धरा: तळाला छोटा सम्प, वर पक्कं झाकण, आणि भरण्याआधी आत टॉर्च टाकून स्वतः बघणं.

बाकी पर्याय आहेत. उभ्या पोस्ट-टेन्शनिंगने, म्हणजे आतून ताणलेल्या केबलने, खांब पायावर दाबून ठेवायचा आणि भूकंपात त्याला किंचित डुलू द्यायचं, मग तो परत सरळ होतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या विग्रम-मॅग्डाला पुलावर असं केलं आहे. विचार सुंदर आहे, पण केबलची गंजसुरक्षा, बदलता येणारे डॅम्पर आणि पुढची देखभाल हे सगळं एका साध्या उड्डाणपुलासाठी जड आहे. यूएचपीसीने (अतिउच्च क्षमतेच्या काँक्रीटने) भरलेला छोटा ओला सांधाही करता येतो, त्यात सळईला व्यासाच्या आठपट लांबी पुरते. पण सांधा हिंजमध्ये येऊ नये ही अट तिथेही आहेच. बेस प्लेट आणि अँकर बोल्ट इमारतींसाठी ठेवा.

ठेकेदार स्लीव्हवर अडून बसला, यार्डात साचे तयार आहेत म्हणाला, तर सरसकट नाही म्हणू नका. पुलाच्या ज्या खांबांवर भूकंपात हिंज होतच नाही, उदाहरणार्थ कडेचे जाड भिंतीसारखे पिअर ज्यांतल्या सळ्या यील्डपर्यंत जातच नाहीत, तिथे स्लीव्ह चालेल. एकेरी गोल खांबांना ती हवीच असेल तर स्लीव्ह कॅपमध्ये जाऊ द्या, आणि आधी पूर्ण मापाचा एक मॉकअप करून, ग्राउट भरून, तो कापून दाखवायला सांगा. कापलेल्या स्लीव्हचा आडवा छेद टेबलावर ठेवला की ग्राउटिंगच्या गँगला जे समजतं ते पद्धतीच्या कागदांतून समजत नाही.

डिझाइनरकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्या: वरच्या कडेच्या आडव्या बळाचं गणित, पट्ट्यांच्या सळ्यांचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग, आणि खरबरीत बुडाचा दोन फुटी नमुना. यार्डात तो आधीच ओतून ठेवा, खाचांवर पट्टी धरून खोली मोजून दाखवा. मग पाइल कॅपची जाडी दोन मीटरच ठेवायची की शंभर-दीडशे मिमीने वाढवून तळाला जास्त जागा द्यायची, एवढाच मुद्दा चर्चेला उरेल; माझ्याकडून विचाराल तर मी दीडशे वाढवीन, कारण खालच्या जाळीच्या दोन थरांना आणि पाइलच्या डोक्यांना साडेतीनशे मिमीत बसवताना फिटरची फार ओढाताण होते.